बाबांसाठी गाडीतला जीपीएस घ्यायचाय? आधी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा

बाबांसाठी पहिल्यांदा जीपीएस घेतला तेव्हा मी सगळं उलट्या क्रमाने केलं. चार रात्री मॉडेलं बघत बसले, फीचर्स ताडून बघितली, ज्यात सगळ्यात जास्त होतं ते उचललं आणि वाढदिवसाला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते तीन आठवडे वापरलं, मग ते डॅशबोर्डच्या खणात गेलं ते गेलंच, गाडीचे कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला उपयोगी पडलं तेवढंच. डिव्हाइस वाईट नव्हतं हो, माझ्यासाठी एकदम झकास होतं, आणि घोळ तिथेच होता. दुसऱ्या वेळी डोकं जरा ठिकाणावर ठेवून घेतलं, ते कसं ते सविस्तर लिहितेय. आई, सासरे, मामा, नुकती गाडी शिकलेली बहीण, कोणासाठीही घेत असाल तरी पायऱ्या त्याच.

शेजारी बसून नुसतं बघा

काहीही विकत घ्यायच्या आधी एक दिवस त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा, शक्यतो अनोळखी भागात जाताना, आणि तोंड बंद ठेवा (हे सगळ्यात अवघड). बघायचं काय, तर माणूस चुकतो नेमका कुठे. काहींना रस्ते पाठ असतात पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये बिल्डिंग सापडत नाही, काहींना मोठ्या रस्त्यावर कुठल्या लेनमध्ये असायला हवं ते वेळेवर कळत नाही, काही जण एक वळण हुकलं की घाबरतात आणि मग पुढची तीनही हुकतात. या तिघांना लागणारं डिव्हाइस वेगळं आहे. लेनवाल्याला चौकाचं चित्र मोठं करून दाखवणारं हवं, घाबरणाऱ्याला पटकन नवा रस्ता शोधून शांतपणे सांगणारं हवं, शेवटच्या दोनशे मीटरवाल्याला घर नंबरापर्यंत नीट मॅप असलेलं हवं.

दुसरं बघायचं ते डोळे आणि कान. मला बाबांबद्दल एक गोष्ट इतक्या वर्षांत माहीतच नव्हती, ते स्पीडचा काटा बघताना हनुवटी किंचित वर करतात कारण त्यांचा चष्मा बायफोकल आहे, जवळचं बघायची काच खाली असते. आणि मी पहिलं डिव्हाइस लावलं होतं आरशाच्या खाली, उंचावर! म्हणजे प्रत्येक वळणाला त्यांना मान मागे टाकून बघायला लागत होतं आणि ते बिचारे काही बोलले नाहीत, नुसतं काढून ठेवलं. कानाचंही तसंच, कुठल्या कानाने कमी ऐकू येतं ते बघा आणि डिव्हाइस दुसऱ्या बाजूला येईल असं ठरवा.

मुळात फोन पुरतो का

इथे प्रामाणिकपणे विचार करा, कारण पुष्कळांना वेगळं डिव्हाइस लागतच नाही. माणूस रोज फोनवर सगळं करत असेल तर चांगला स्टँड आणि चांगला चार्जर द्या आणि विषय संपवा. गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर मग अजूनच प्रश्न मिटला, मॅप गाडीच्याच स्क्रीनवर येतो. ट्रॅफिकच्या बाबतीत तर फोन फारच पुढे आहे, लाखो फोन आपापला वेग कळवत असतात त्यावरून रस्ता लाल की हिरवा ते ठरतं, नुसत्या डिव्हाइसला हे जमत नाही.

मग वेगळं डिव्हाइस कोणी घ्यावं? ज्याला फोनवर फोन येतात आणि ऐन वळणावर स्क्रीनवर रिंग वाजायला लागते त्याने. जो नेटवर्क नसलेल्या भागात फिरतो त्याने, म्हणजे फोनवरही मॅप आधी डाउनलोड करून ठेवता येतो, ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमँडसारखी अ‍ॅप्स तर पूर्ण ऑफलाइन चालतात, पण ते आठवणीने करणारा माणूस हवा ना. उन्हात काचेला लावलेला फोन तापून बंद पडू शकतो. आणि एक गाडी घरातले तिघं चालवत असतील तर गाडीतच कायम राहणारी वस्तू सोयीची पडते. बाबांचं कारण सगळ्यात साधं होतं, त्यांना एका वस्तूने एकच काम केलेलं आवडतं.

बाबांचे दोन प्रश्न

पहिला, "अगं, याला महिन्याचे पैसे किती?" शून्य. जीपीएसचा सिग्नल फुकट आहे, डिव्हाइस नुसतं ऐकतं. अमेरिकेचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात, डिव्हाइस किमान चार सॅटेलाइट पकडून आपली जागा काढतं, तीन जागेसाठी आणि चौथा त्याच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होती, १०० मीटरपर्यंत चूक यायची, ते बंद झालं आणि मग गाडीतल्या जीपीएसला खरा अर्थ आला. आता मोकळ्या आकाशाखाली ५ मीटरच्या आसपास जागा कळते. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण फ्लायओव्हरवर आहोत की खालच्या रस्त्यावर, हे ५ मीटरमध्ये ओळखणं अवघडच, त्यामुळे तिथे कुठलंही महागडं डिव्हाइस गोंधळू शकतं, वैतागू नका. घेताना डिव्हाइस ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू (रशिया, युरोप आणि चीनच्या अशाच सॅटेलाइट सिस्टिम) यातलंही काही पकडतं का ते बघा. उंच बिल्डिंगांच्या मधून जाताना आकाशाची नुसती एक पट्टी दिसते, तेव्हा जितके जास्त सॅटेलाइट तितकं बरं.

दुसरा प्रश्न, "म्हणजे तू मला घरबसल्या बघणार?" नाही. नुसता नॅव्हिगेशनचा जीपीएस कोणाला काही कळवत नाही, कळवणारा ट्रॅकर ही वेगळी वस्तू. फोनला जोडून चालणाऱ्या मॉडेलमध्ये लोकेशन शेअर करायची सोय असू शकते, ती चालू की बंद हे त्यांच्यासमोर बसून त्यांनाच ठरवू द्या. हे आधी बोललात तर बरं, नाहीतर डिव्हाइस पहिल्या दिवसापासून संशयात.

पुठ्ठा कापा

स्क्रीन केवढी घ्यायची हे वेबसाइटवरच्या फोटोवरून कळत नाही. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे रुंद स्क्रीनचं ५ इंची म्हणजे साधारण ११ बाय ६ सेंटिमीटर आणि ७ इंची म्हणजे साडेपंधरा बाय पावणेनऊ, वर कडा वेगळी. दोन्ही मापांचे पुठ्ठे कापा, त्यावर जाड पेनाने बाण आणि "३०० मीटर" लिहा, गाडीत जिथे लावायचंय तिथे चिकटपट्टीने लावा आणि त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवा. वाचता येतंय का, आणि त्याहून महत्त्वाचं, पुढचा रस्ता, डावीकडून चालत येणारा माणूस त्या पुठ्ठ्याआड लपतोय का. आमच्याकडे ७ इंची हवंच असं माझं ठाम मत होतं, पुठ्ठा लावल्यावर कळलं की छोट्या गाडीत ते दाराएवढं वाटतं, आणि ६ च्या जवळपासचं मधलं माप जमलं.

दुकानात गेलात तर तीन गोष्टी हाताने करून बघा. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून दारापाशी उन्हात धरा. पोलराइज्ड गॉगल घालणारा माणूस असेल तर तोच गॉगल घालून स्क्रीन आडवी-उभी फिरवा, काही स्क्रीन ठरावीक कोनात अक्षरशः काळ्याठिक्कर पडतात आणि लोकांना वाटतं डिव्हाइस बंद पडलं. आणि टच. जुन्या किंवा स्वस्त डिव्हाइसची स्क्रीन दाबावी लागते, नव्यांची फोनसारखी नुसती टेकवून चालते. तुम्हाला वाटेल टेकवणारी चांगली, पण हातमोजे घालणाऱ्याला किंवा बोट जोरात रोवायची सवय असलेल्याला दाबायची बरी पडते. बाबा पेनाचं टोपण वापरायचे, दोन्ही बघून त्यांनी स्वतःच ठरवलं.

आतलं काय काय बघायचं

मॅप. कुठल्या देशांचा मॅप आत आहे ते खोक्यावर वाचा, "जगभर चालतो" याचा अर्थ सिग्नल जगभर येतो एवढाच, मॅप नसेल तर कोऱ्या स्क्रीनवर एक ठिपका फिरताना दिसेल. "लाइफटाइम अपडेट" म्हणजे तुमच्या किंवा बाबांच्या आयुष्यभर नाही, त्या मॉडेलचं आयुष्य किंवा कंपनी त्यासाठी मॅप काढत राहील तोवर. अपडेट वायफायवर होतं की कॉम्प्युटरला वायर लावून, हे नक्की विचारा. मॅप काही जीबींचा असतो, वायरवाल्यात कोणीतरी तासन्‌तास बसायला लागतं आणि ते कोणीतरी तुम्हीच असणार आहात. आतली मेमरी भरली तर मेमरी कार्ड घालायची जागा आहे का तेही बघून घ्या.

आवाज. नुसतं "डावीकडे वळा" म्हणणारं आणि रस्त्याचं नाव घेऊन सांगणारं, यात फार फरक पडतो, कारण नाव ऐकलं की स्क्रीनकडे बघावं लागत नाही. त्यांना सोयीची भाषा आहे का, आणि ती भाषा रस्त्यांची नावं नीट उच्चारते का हे ऐकून बघा. स्पीकर लहान असतो, दुकानात मोठा वाटणारा आवाज हायवेला खिडकी उघडी असली की मरतो. ब्लूटूथने गाडीच्या स्पीकरवर आवाज नेता आला तर उत्तम.

ट्रॅफिक. काही डिव्हाइस एफएम रेडिओच्या सिग्नलमधून ट्रॅफिकची माहिती घेतात, त्याचा रिसिव्हर चार्जरच्या वायरमध्येच असतो, म्हणजे दुसरा चार्जर लावला की ट्रॅफिक गायब. काहींना फोनच्या इंटरनेटची जोड लागते. त्यांच्या भागात ती सेवा मिळतच नसेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

मोठी गाडी. कॅराव्हॅन ओढणारा किंवा ट्रक चालवणारा माणूस असेल तर साधं मॉडेल घेऊच नका, त्याला पुलाची उंची आणि वजनाची मर्यादा यातलं काही कळत नाही. गार्मिन, टॉमटॉम या दोन्ही कंपन्या अशा गाड्यांसाठी वेगळी मॉडेलं काढतात, त्यात गाडीची उंची, लांबी, वजन टाकायचं असतं.

स्पीड कॅमेऱ्याच्या सूचना सगळीकडे चालत नाहीत हेही लक्षात असू द्या. जर्मनीत गाडी चालवताना त्या वापरायला मनाई आहे, फ्रान्समध्ये २०१२ पासून नेमका कॅमेरा दाखवता येत नाही, त्याऐवजी डिव्हाइस धोक्याचा भाग म्हणून दाखवतं. बाहेरच्या देशात गाडी नेणारं कोणी असेल तर तिथला नियम आधी बघून ते बंद करून द्या.

सेकंडहँड घेताय तर तारीख बघा

जुनं घ्यायला हरकत नाही, पण एक गंमत आहे. जीपीएस सिग्नलमध्ये आठवड्याचा नंबर १० बिटांत जातो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर. हे आधी ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग ६ एप्रिल २०१९ ला, आणि पुढचं २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये आहे. ज्या जुन्या डिव्हाइसना यासाठी अपडेट मिळालं नाही त्यांना वाटतं की आपण अजून वीस वर्षं मागेच आहोत. त्यामुळे जुनं डिव्हाइस मोकळ्यावर नेऊन चालू करा, सिग्नल येऊ द्या आणि तारीख तपासा, तारीख चुकली तर पोचायची वेळ वगैरे सगळं गडबडतं. बॅटरी फुगलीय का ते मागचं झाकण बघून समजतं. आणि त्या मॉडेलला नवा मॅप अजून मिळतो का हे घ्यायच्या आधी शोधा, घेतल्यावर नाही.

लावताना

दर वेळी काच पुसून, स्पिरिटने पुसली तर अजून चांगलं, मग डिव्हाइस काचेला धरून ठेवणारी रबराची वाटी दाबा. उन्हात ही वाटी सुटते हे गृहीत धरा. आमची एकदा चालत्या गाडीत सुटली आणि डिव्हाइस थेट गिअरपाशी येऊन आदळलं, बाबा दचकले नाहीत पण मी दचकले. डॅशबोर्डवर ठेवायची वाळूच्या पिशवीसारखी जड बैठकही मिळते, ती खाली राहते त्यामुळे बायफोकलवाल्यांना बरी. एअरबॅग उघडते त्या जागेवर आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर काही लावायचं नाही, काही देशांत काचेच्या ठरावीक भागात काही लावणंच नियमात बसत नाही.

काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर सिग्नल आत यायला त्रास होतो, अशा काचेवर बहुधा आरशाजवळ थर नसलेला तुकडा सोडलेला असतो, डिव्हाइस त्याच्या मागे येईल असं बघा. स्वस्तातले चार्जर आणि डॅशकॅमसुद्धा सिग्नलमध्ये गडबड करतात, सिग्नल अचानक खराब वाटला तर आधी ते काढून बघा, मग डिव्हाइसला शिव्या घाला. आतली बॅटरी बहुतेकांत तासभर टिकली तरी खूप, म्हणून वायर लावलेलीच हवी, आणि ती गिअर किंवा स्टिअरिंगमध्ये अडकणार नाही अशी कडेने फिरवा. गाडी बंद केल्यावर सॉकेट चालू राहतं का तेही बघा, राहत असेल तर वायर काढायची सवय लावावी लागेल. गाडी उन्हात उभी करताना डिव्हाइस काढून न्यायचं, बॅटरीसाठीही आणि चोरासाठीही. काचेवर वाटीचा गोल डाग राहिला तरी चोराला कळतं, तो पुसून टाका.

देण्याआधी तुम्ही तयार करा

खोक्यातून काढून तसंच देऊ नका. खूप दिवस बंद असलेल्या डिव्हाइसला पहिल्यांदा सॅटेलाइट शोधायला वेळ लागतो, सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं जातात. ती साडेबारा मिनिटं त्यांच्यासमोर गेली तर "हे काही चालत नाही" असा शिक्का बसलाच म्हणून समजा. मोकळ्या जागी उभं राहून हे आधीच उरकून घ्या.

मग सेटिंग. "सगळ्यात जवळचा" रस्ता बंद, "सगळ्यात लवकरचा" चालू, कारण जवळच्याच्या नादात ते कुठल्याही बोळात घालतं. कच्चा रस्ता टाळा, यू टर्न टाळा. रात्री मॅप आपोआप गडद रंगात जाऊ द्या. बाकी सगळ्या जाहिराती, हॉटेलं, टिपा बंद.

नंतर दहाएक ठिकाणं आधीच भरून ठेवा, आणि नावं तुमच्या नाही, त्यांच्या भाषेत. मी पहिल्या वेळी पूर्ण पत्ते टाकले होते, दुसऱ्या वेळी "ताई", "दातवाले डॉक्टर", "जुनं ऑफिस" असं टाकलं आणि बाबा पहिल्यांदा स्वतःहून त्या यादीत शिरले. "घर" मात्र खऱ्या दारावर ठेवू नका, जवळच्या चौकावर ठेवा. गाडी चोरीला गेली तर त्यात घराचा रस्ता आणि तुम्ही घरी नाही ही बातमी, दोन्ही सोबत जातात.

पहिला आठवडा ओळखीच्या रस्त्यावर

अनोळखी रस्त्यावर पहिल्यांदा वापरायला देऊ नका. रोजच्या रस्त्यावरच लावून जा, म्हणजे ते किती आधी सांगतं, "आता वळा" म्हणतं तेव्हा खरंच वळायचं असतं की पन्नास मीटर पुढे, हे अंगवळणी पडतं. मग मुद्दाम एक वळण चुकवा, कसं ते नवा रस्ता काढतं ते बघू दे, घाबरणाऱ्या माणसाला यानेच सगळ्यात जास्त धीर येतो. पत्ता टाकायचा तो गाडी उभी असतानाच, हे पहिल्या दिवसापासून. हे सगळं परत करायच्या मुदतीत करा, म्हणजे जमलं नाही तर बदलता येतं, ती मुदत घेतानाच विचारून ठेवा.

एक फोन तुम्हाला येणारच, की डिव्हाइसवरचा स्पीड आणि गाडीचा काटा जुळत नाही, बिघडलंय. बिघडलेलं नसतं. पुष्कळ देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, जास्त मात्र १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत चालतो, म्हणून कंपन्या तो थोडा वरच ठेवतात. सपाट, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जात असाल तर जीपीएसचा आकडा जास्त खरा. बाबांना हे पटायला दोन दिवस लागले आणि मग ते स्वतः सगळ्यांना सांगत सुटले. बोगद्यात मात्र सिग्नल जातो, तिथे ते अंदाजाने बाण पुढे ढकलतं. गाडीत आधीच बसवून आलेल्या सिस्टिमला चाकांवरून वेग कळतो त्यामुळे ती तिथे जास्त टिकते, सुट्या डिव्हाइसकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

अपडेटचं काम आपल्याकडे घ्या आणि कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी टाकून ठेवा, त्यांना सांगून होत नाही. आणि अपडेटच्या आधी साठवलेल्या ठिकाणांचा बॅकअप घ्याच. मागच्या वेळी मी न घेता लावणार होते, यादी सहज खाली सरकवली तर दहाच्या जागी चौदा नावं. चौदावं होतं "सावलीतलं पार्किंग". कुठलं ते मी अजून विचारलेलं नाही, बॅकअप आधी घेतला.